दापोलीहून गणपतीपुळे : दोन खाड्या ओलांडायच्या की वळसा घालायचा?

दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. माडांच्या रांगा दिसतात, घरांची कौलं दिसतात, पलीकडून निघालेली फेरीबोट दिसते. मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. बोटीने पलीकडे जायला पाव तास पुरतो. तेच गाडीने जायचं म्हटलं तर मागे फिरून खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. दापोलीहून गणपतीपुळ्याला निघालेल्याला हा प्रश्न दोनदा सोडवावा लागतो. पुढे तवसाळला शास्त्रीची खाडी पुन्हा आडवी येते आणि पलीकडे जयगड असतं.

दापोली आणि गणपतीपुळे, दोन्ही गावं रत्नागिरी जिल्ह्यातलीच. दोन दिवस दापोली-मुरुड-कर्दे, दोन दिवस गणपतीपुळे असा बेत पुष्कळ कुटुंबं आखतात. राहण्याच्या खोल्या आधी ठरतात. मधल्या दिवसाचा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री होतो, आणि तोही मोबाइलच्या नकाशावर किलोमीटर बघून. माझं सांगणं एवढंच, की या किनाऱ्यावर किलोमीटर बघून वाहन किंवा वाट ठरवू नका. गाडीत कोण बसलंय, तुम्ही किती वाजता निघताय आणि त्या दिवशी खाडीत भरती केव्हा आहे, हे तीन प्रश्न आधी घ्या.

आधी वाटा समजून घ्या

पहिली वाट किनाऱ्याची : दापोली, दाभोळ, फेरीबोट, धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ, पुन्हा फेरीबोट, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. ही साधारण १०५ ते ११० किलोमीटर भरते.

दुसरी महामार्गाची : दापोलीहून खेड, भरणे नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं, मग लोटे, परशुराम घाट, चिपळूण, सावर्डे, आरवली, संगमेश्वर, बावनदी आणि निवळी. निवळीला उजवीकडे वळून जाकादेवी, चाफेमार्गे गणपतीपुळे. ही १६५ ते १७०च्या आसपास.

तिसरी वाट फार थोड्या पर्यटकांना माहीत असते. दाभोळची खाडी बोटीने ओलांडायची, पण जयगडची नाही. गुहागर तालुक्यातून आबलोलीकडे जायचं आणि भातगावच्या पुलावरून शास्त्री ओलांडून जाकादेवीच्या बाजूला उतरायचं. सगळे त्याला राई-भातगावचा पूल म्हणतात. हे नाव वहीत लिहूनच ठेवा. का ते पुढे सांगते.

किनाऱ्याच्या वाटेने साठेक किलोमीटर वाचतात. वेळ मात्र वाचत नाही. एकेरी रस्ते, गावागावांतली वळणं, चढउतार आणि दोन ठिकाणी बोटीची वाट पाहणं धरलं तर मध्ये कुठेही न थांबता साडेचार-पाच तास जातात. महामार्गानेही जवळपास तेवढेच लागतात. तेव्हा वेळेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल. मग उरतं काय? महामार्गावर चहा, स्वच्छतागृह, पेट्रोल, दवाखाना हे सगळं हाताशी असतं. किनाऱ्यावर वाट पाहणं असतं, पण त्या वाट पाहण्यातही समोर समुद्र असतो. स्वच्छ हवेचा दिवस असेल, सकाळी लवकर निघणं जमणार असेल आणि गाडीत कोणी आजारी नसेल, तर मी दर वेळी खाडीचीच वाट घेते.

तिथी बघा

फेरीबोट म्हणजे सपाट तळाची बोट. पुढची लोखंडी फळी जेटीच्या उतारावर टेकवतात आणि तिच्यावरून गाड्या आत घेतात. भरतीला पाणी वर आलेलं असतं, तेव्हा फळी जवळजवळ सपाट टेकते. ओहोटीला बोट खाली जाते, उताराचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि गाडी तिथून चढवावी-उतरवावी लागते. ज्यांच्या गाडीचं पोट जमिनीलगत आहे त्यांची गाडी फळीच्या सांध्यावर घासते ती अशाच वेळी. दुचाकी घसरतात त्याही अशाच वेळी.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे आणि तो दिनदर्शिकेवर चालतो. शुद्ध असो की वद्य, त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. घड्याळ लावून चालणारा हिशेब नव्हे, पण प्रवास आखायला पुरेसा.

आता गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांची आवडती तिथी घ्या : संकष्टी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. दापोलीहून आठला निघालेला माणूस दाभोळला बरोबर नऊला पोचतो, म्हणजे उतार सगळ्यात तीव्र असतो तेव्हा. त्या दिवशी सातच्या आत निघा, नाही तर उतारावर सावकाश जायची तयारी ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात मोठा असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. आजी-आजोबांना घेऊन पहिल्यांदाच बोटीने जाणार असाल आणि दिवस निवडणं हातात असेल, तर अष्टमीच्या मागचा-पुढचा दिवस बघा.

बोटीत गाडी चढवताना

जेटीवर पोचलात की गाडी रांगेत लावा आणि एकाने उतरून तिकिटाचं विचारून यावं. गाडीच्या आकारानुसार वेगळा दर असतो, माणसांचं तिकीट वेगळं. सुटे पैसे रोख ठेवा. खाडीकाठी मोबाइलची रेंज येते-जाते आणि पैसे पाठवणं तिथे अडलं की मागची सगळी रांग खोळंबते.

चालक सोडून बाकी सगळ्यांनी गाडीतून उतरून पायी बोटीत जावं. गाडी हलकी होते, तळ घासत नाही. शिवाय आत गाड्या इतक्या खेटून लावतात, की नंतर दारं उघडायला जागा राहत नाही. लहान मुलांचा हात धरूनच फळीवरून न्या. बोटीवरचा माणूस जसा हात दाखवील तशीच गाडी घ्यायची, तो मागे घेत चढवा म्हणाला तर तशी. तो दिवसभर हेच काम करत असतो आणि बोटीचा तोल त्याला कळतो. गाडी थांबली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा. दुचाकीवाल्यांनी गाडी स्टँडवर लावून खुशाल वर जाऊ नये, शेजारी उभं राहून धरून ठेवावी.

दाभोळची खाडी बहुतेकदा शांत वाटते. जयगडची मला नेहमीच जास्त मोकळी, जास्त वाऱ्याची वाटत आलीय. ज्यांना बोट लागते त्यांनी दाभोळला बरं वाटलं म्हणून जयगडला बेफिकीर राहू नये. आवळासुपारी किंवा आलेपाक खिशात असू द्या.

बंदराच्या गावात आलाच आहात तर दाभोळला अर्धा तास द्या. खाडीकाठची जुनी मशीद जेटीपासून अगदी जवळ आहे. एके काळी या बंदरात दूरदेशीची जहाजं लागत. आज तिथे मासळीच्या टोपल्या आणि फेरीबोटीची रांग असते, पण खाडीचं तोंड पाहिलं की हे बंदर इथेच का झालं ते समजतं.

शेवटची फेरी चुकली तर

फेऱ्या सकाळी लवकर सुरू होतात आणि रात्रीपर्यंत चालतात, हे खरं. पण हंगामाप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे वेळा बदलतात. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारा : पहिली कधी, शेवटची कधी आणि काल बोट चालू होती का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नकाशातल्या ॲपला बोट बंद असल्याचं कळत नाही. ते तुम्हाला थेट जेटीच्या तोंडाशी आणून सोडतं.

आमच्यावर ही वेळ तवसाळला आली. गुहागरला जेवण लांबलं, हेदवीला मुलं रमली आणि आम्ही तवसाळला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. वारा सुटला होता, खाडीत पांढऱ्या लाटा दिसत होत्या आणि बोट थांबवली होती. ती थांबवली हे योग्यच होतं. आई मागच्या सीटवर थकून झोपलेली. समोर जयगडचे दिवे लुकलुकत होते आणि आम्हाला काही सुचत नव्हतं. तिथल्या चहावाल्या मावशींनी सांगितलं, ‘‘हेदवीवरनं मागं जावा, आबलोलीला वळा नि भातगावचा पूल धरा. कुणालाबी विचारा.’’ त्या पुलाचं नाव आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अंधारात अनोळखी रस्त्याने, विचारत विचारत, दोन-अडीच तासांनी गणपतीपुळ्याला पोचलो. रस्त्याची माहिती आधी असती तर एवढा जीव टांगणीला लागला नसता. म्हणून वर सांगितलं, वहीत लिहून ठेवा.

यावरून माझा नियम ठरला. दुपारी चारच्या आत तवसाळची जेटी गाठायची. ते जमत नसेल तर गुहागरलाच मुक्काम करायचा. वेळणेश्वर आणि हेदवीलाही घरगुती राहायची सोय होते. दाभोळची बोट बंद मिळाली तर मात्र पर्याय एकच : मागे फिरून खेड-चिपळूण. तिथून पुढे गुहागरला न वळता सरळ महामार्गाने निवळी गाठा.

महामार्ग कधी निवडावा

गाडीत आजारी माणूस, गरोदर बाई किंवा गाडी लागणारं लहान मूल असेल तर महामार्गच बरा. अंधारात प्रवास करायचा असेल तरीही. जोराच्या पावसात हा निर्णय अवघड होतो, कारण दोन्ही बाजूंना धोका असतो. बोट वाऱ्यामुळे थांबते, आणि महामार्गावर परशुराम घाटात दरड आली की रांगा लागतात. २२ जुलै २०२१ला चिपळूण पुराखाली गेलं, त्या पावसात वाशिष्ठीवरच्या पुलाचीही हानी झाली होती. जुलैमध्ये अतिवृष्टीचा इशारा असेल तर एक दिवस दापोलीतच थांबा. खोलीचे पैसे गेले तरी चालतील.

संगमेश्वर ते निवळी या पट्ट्यात चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत आलंय. वळणरस्ते, खडी, अचानक संपणारं काँक्रीट, यांची मनाची तयारी ठेवा आणि रात्री तिथे वेग वाढवू नका. गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि शिमग्याच्या सुमारास चाकरमान्यांच्या गाड्यांनी हाच रस्ता गच्च भरतो. त्या दिवसांत किनाऱ्याची वाट मोकळी मिळू शकते. मात्र शिमग्यात गावागावांत पालख्या रस्त्यावर असतात. पालखी आली की गाडी बाजूला घेऊन थांबायचं, भोंगा वाजवायचा नाही.

निवळीचा फाटा चुकला तर हातखंब्यावरून रत्नागिरीत जा आणि आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला या. रत्नागिरीपासून हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. फेरा पडतो, पण तो रस्ता समुद्राला इतका बिलगून जातो की चुकल्याचं वाईट वाटत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर

एसटीने जायचं तर दोन प्रकार. पहिला सरळ : दापोलीहून रत्नागिरीची थेट गाडी मिळाली तर ती, नाही तर चिपळूणला बदलून रत्नागिरी, आणि तिथून गणपतीपुळ्याची गाडी. निवळीला उतरून जवळच्या वाटेने जाता येतं, पण सामान असेल तर तो मोह टाळा. फाट्यावर उन्हात उभं राहून वडापची वाट पाहण्यापेक्षा रत्नागिरीच्या स्थानकात बाकावर बसलेलं बरं. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत. चार बायका आणि एक आजी असा गट असेल तर एसटीच्या जवळपासही दुसरं वाहन येत नाही. आजींचं आधार कार्ड सामानात खाली न ठेवता पर्समध्ये ठेवा.

दुसरा प्रकार तुकड्या-तुकड्यांचा : दापोली ते दाभोळ एसटी, बोटीत पायी, धोपाव्याहून गुहागर, गुहागरहून तवसाळ, पुन्हा बोट, जयगडहून पुढे. पाठीवर एकच पिशवी असलेल्या दोघा-तिघांनी हे जरूर करावं. कुटुंबकबिल्याने करू नये. धोपावे आणि तवसाळ इथे बोटीच्या वेळेला धरून गाडी उभी असेलच असं नाही, म्हणून रिक्षावाल्याशी आधी फोनवर बोलून ठेवलेलं चांगलं. दापोलीच्या मुक्कामाचे घरमालक किंवा गुहागरची खानावळ असे नंबर सहज देतात. जयगडहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या काही गाड्या चाफ्यावरून निघून जातात, त्या गणपतीपुळ्याला शिवत नाहीत. चढण्याआधी वाहकाला विचारा : ‘‘मालगुंडवरून जाते का?’’

रेल्वेचा विचार बरेच जण करतात. खेड ते रत्नागिरी लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर. वाटेत उक्षी आणि भोके यांच्या मध्ये करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तो मुलांना फार आवडतो. पण हिशेब करा. दापोली ते खेड स्टेशन एक तास, गाडीची वाट, दीड-दोन तास प्रवास, आणि रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर, तिथून पुन्हा तासभर रिक्षा किंवा बस. मांडवीसारखी दिवसाची गाडी नेमकी वेळेवर मिळाली तरी पाच तास जातातच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. या मधल्या टप्प्यासाठी मी रेल्वे सुचवणार नाही. गणपतीपुळ्याहून घरी परतताना रत्नागिरीला गाडी धरणं मात्र उत्तम.

भाड्याची गाडी करताना ठरवायची गोष्ट एकच : परतीचं भाडं. चालकाला गणपतीपुळ्याहून रिकामं यावं लागणार, म्हणून तो दोन्ही बाजूंचे किलोमीटर धरतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण किलोमीटर महामार्गाचे धरलेत की बोटीच्या वाटेचे, आणि बोटीचं जातायेतानाचं तिकीट कोणी द्यायचं, हे निघण्याआधी बोलून घ्या. चालक पूर्वी बोटीने गेलेला आहे का तेही विचारा. उतारावर बिचकणाऱ्या चालकाला जबरदस्तीने त्या वाटेने नेऊ नका.

निघायच्या दिवशी

टाकी दापोलीतच भरा. गुहागर सोडलं की पुढे पंपाच्या भरवशावर राहण्यासारखा रस्ता नाही. साडेसहा-सातला निघालात तर पाऊण-एक तासात दाभोळ, साडेनवापर्यंत गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन घ्या, समुद्रावर जरा पाय ओले करा. जेवण हेदवीला करणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा. कोकणातल्या घरगुती खानावळीत आगाऊ सांगितलेल्या माणसांपुरताच स्वयंपाक होतो. मोदक हवे असतील तर मग नक्कीच सांगा.

हेदवीला दशभुजा गणेशाचं देऊळ टेकडीवर आहे आणि समुद्राच्या बाजूला बामणघळ. खडकातल्या चिरेत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. तिथेही तिथीचा तोच हिशेब उपयोगी पडतो. भरतीच्या आसपास पोचलात तरच ते दिसतं, ओहोटीला नुसती घळ. पण पाणी उसळत असताना कडेला जाऊ नका, ओला खडक तेलासारखा निसरडा असतो. तिथून तवसाळ अर्धा-पाऊण तासावर.

जयगडला उतरलात की गणपतीपुळे वीसेक किलोमीटर राहतं. उजेड असेल तर कऱ्हाटेश्वराला जाऊन या. थेट समुद्रावरच्या कड्याशी असलेलं ते देऊळ गर्दीपासून अजून दूर आहे. मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि स्मारक आहे, तेही वाटेतच. संकष्टी किंवा अंगारकी असेल तर मालगुंडपासूनच गाड्यांची गर्दी सुरू होते. अशा दिवशी आधी मुक्कामावर सामान टाका, गाडी तिथेच ठेवा आणि देवळात चालत जा. आणि दिवसभर गाडीत कोंडलेली मुलं उतरल्या उतरल्या पाण्याकडे धावतात, त्यांना आवरा. गणपतीपुळ्याचा समुद्र दापोलीच्या कर्द्यासारखा लांबवर उथळ नाही. पाण्याखाली उतार एकदम वाढतो आणि ओढ जबर आहे. तिथे दरवर्षी माणसं बुडतात, म्हणून गुडघ्याच्या वर पाण्यात कोणीच जायचं नाही, हे गाडीतून उतरायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा.